तक्रार कुठे करायची

माय,

मी आता तुझ्याएवढी झाले आहे, म्हणजे तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस तेवढी. साकोली डेपोत कंडक्टर आहे. तुला हे पटलं नसतं. मुलींच्या वसतिगृहात तू स्वयंपाकाला होतीस, तिथे भाताच्या गंजावर झाकण ठेवता ठेवता तू येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगायचीस, ‘माही पोरगी नर्स होणार हाय.’ मी नर्स झाले नाही. तू गेल्यावर मी दवाखान्याच्या पायरीवरूनच मागे फिरायचे. बाबांनी दोन वर्षं वाट पाहिली, मग एक दिवस एसटीचा अर्ज आणून माझ्यापुढे ठेवला. साकोली ते भंडारा हा माझा नेहमीचा रस्ता. तुला ज्या रस्त्यानं शेवटचं नेलं, त्याच रस्त्यावर मी रोज तिकिटं काढते. लोक म्हणतात सवय होते. झालीही होती. गेल्या हिवाळ्यात एका म्हातारीमुळे ती मोडली, आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं राहून गेल्यासारखं वाटत आहे.

तुला बाजारात कोणी फसवू शकत नव्हतं, हे आधी सांगते, कारण तू गेल्यावर नातेवाइकांनी हेच उलट करून सांगितलं. अडाणी होती, कोणाच्याही बोलण्यात आली, असं. त्यांना काय माहीत? साकोलीच्या आठवडी बाजारात भाजीवाले तुला पाहिल्यावर तराजू नीट धरायचे. एकदा एका वांगेवाल्यानं पारड्याच्या खाली काहीतरी चिकटवलं होतं. तू वांगी परत ओतलीस, पारडं उलटं केलंस आणि सगळ्यांसमोर ते खरवडून त्याच्या हातावर ठेवलंस. लोक जमले. माझ्या वर्गातल्या दोघी तिथेच उभ्या होत्या, म्हणून मी तुझा पदर ओढत होते, चल ना माय, चल. आपण घरी आलो. दारात पिशवी टेकवलीस आणि म्हणालीस, ‘लाज त्याले वाटाले पायजे. तू काहून खाली पाहून राहिली होती?’ एवढंच. मला मारलं असतंस तरी इतकं लागलं नसतं. आज बसमध्ये सुट्ट्या पैशांवरून कोणी माझ्याशी हुज्जत घालतं तेव्हा मी खाली पाहत नाही. ते तुझंच आहे.

पण ती सुई तुला कधी पचली नाही. साखर झाल्याचं कळलं तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, मग वर्षभरानं सकाळ-संध्याकाळ पोटात घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं. त्याची बाटली वसतिगृहाच्या फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्यामागे ठेवायचीस. मुलींचं जेवण वाढायच्या आधी स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यात, तांदळाच्या पोत्यांकडे तोंड करून उभी राहायचीस, लुगड्याची गाठ सैल करायचीस आणि श्वास धरायचीस. मी बघितलं आहे. एवढा मोठा गंज चुलीवरून एकटी उतरवणारी बाई त्या केसाएवढ्या सुईला घाबरायची. सुई टोचली की तुझा खालचा ओठ दाताखाली यायचा. मग पदर सारखा करून मुलींकडे वळायचीस तेव्हा तोंडावर काहीही नसायचं. कोणी विचारलं तर म्हणायचीस, ‘लहानसं दुखनं हाय.’ दवाखान्यात तुला कोणी नीट सांगितलं नाही की हे औषध आहे, शिक्षा नाही. लांब रांग असायची, डॉक्टर मान खाली घालून लिहायचा, पुढचा पेशंट आत यायचा. त्या डॉक्टरला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे रोज शंभर माणसं. पण तुझ्याशी दोन शब्द बोलायला तिथे कोणी नव्हतं, हे खरं आहे.

दिवाळीनंतर हायवेवरच्या एका मंगल कार्यालयात शिबिर लागलं. ऑटोवर भोंगा लावून गावभर सांगत फिरले, मोफत तपासणी, प्रत्येकाला स्टीलचा डबा भेट. तू मला सोबत घेऊन गेलीस. आत पंखे, गाद्या, अगरबत्ती. पांढरा कोट घातलेला एक माणूस खुर्चीवरून उठून उभा राहिला आणि त्यानं तुला हात जोडले. माय, तुला हात जोडणारा मी पाहिलेला तो पहिला माणूस. त्यानं तुझा हात आपल्या हातात घेऊन नाडी पाहिली, झोप लागते का विचारलं, पाय जळजळतात का विचारलं, दिवसभर उभं राहून स्वयंपाक करता म्हटल्यावर ‘अरे रे’ म्हणाला. तू बोलत राहिलीस. घरी कधी सांगितलं नव्हतंस ते त्याला सांगितलंस, की रात्री पायाला मुंग्या येतात, की डोळ्यांपुढे अंधारी येते, की सुई घेताना वाटते आता हे मरेपर्यंत. तो सगळं ऐकून म्हणाला, ‘माताजी, ये सुई गुलामी है. इसको छोड दो. हमारी दवा शुगर को जड से निकालती है.’ आणि हिरव्या डब्यातली पूड समोर ठेवली. तू चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिलीस आणि डबा विकत घेतलास. परत येताना ऑटोत मला म्हणालीस, ‘लय कडू हाय वं. कडू हाय म्हणजे असर करते.’ मलाही तो माणूस आवडला होता. तुझा चेहरा इतका मोकळा मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्यानंतरचे काही आठवडे तुझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, हे आठवलं की मला काय करावं ते कळत नाही. फ्रिजमधली बाटली तू फेकून दिलीस. पोत्यांकडे तोंड करून उभं राहणं संपलं. स्वयंपाक करताना गुणगुणायला लागलीस. एका रविवारी मुलींसाठी पाटोड्या केल्यास आणि उरलेली एक स्वतः खाल्लीस, रश्शात बुडवून, डोळे मिटून. एकटीच भंडाऱ्याला गेलीस आणि बसस्टँडजवळच्या स्वेटरवाल्यांकडून माझ्यासाठी मरून रंगाचा स्वेटर आणलास. तो मला मोठा होत होता. ‘वाढत्या अंगाचा हाय,’ म्हणालीस, ‘नर्सिंगच्या हॉस्टेलात लागन.’ तुझ्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. तुला वाटलं अंग हलकं झालं. पाणी किती पीत होतीस! स्वयंपाकघरातला माठ मुलींना पुरायचा नाही. एसटीडी बूथवरून तू डब्यावरच्या नंबरला फोन लावलास, मी शेजारी उभी होते. पलीकडून तो म्हणाला, ‘माताजी, जहर बाहर निकल रहा है, घबराना नहीं.’ तू ते जसंच्या तसं बाबांना सांगितलंस. बाबा राइस मिलमधून कोंड्यानं माखून आले होते. म्हणाले, ‘तुले बरं वाटून राहिलं ना? मंग झालं.’

आणि मग ती सकाळ. वसतिगृहातून एक मुलगी धावत आली, मावशी उठत नाही. तू चुलीजवळ भिंतीला टेकून बसली होतीस. चूल पेटलेली, तांदूळ धुतलेले, हातात भात ढवळायचा सराटा. डोळे उघडे होते पण मला ओळखत नव्हतीस. ऑटोत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तोच स्वेटर घातला होता आणि तुझ्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. साकोलीहून भंडाऱ्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी बाबांना विचारलं, ‘इन्सुलिन कोणी बंद केलं?’ बाबांनी पिशवीतून हिरवा डबा काढून दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, वाचला, आणि त्यांचा चेहरा रागानं लाल झाला. ‘तक्रार करा,’ त्या म्हणाल्या, ‘सोडू नका यांना.’ बाबांनी विचारलं, ‘कुठं करू बाई?’ तेवढ्यात कोणीतरी भाजलेलं बाळ घेऊन आलं आणि त्या तिकडे धावल्या. उत्तर राहून गेलं.

बाबा उत्तर शोधत फिरले. हे तुला कोणी सांगितलं नसणार, म्हणून सांगते. तुझा अंत्यविधी झाला, बुद्धवंदना झाली, माणसं पांगली, तेव्हा ते मिलमधून सुट्टी घेऊन धुतलेला शर्ट घालून निघाले. आधी मंगल कार्यालयात. तिथला माणूस म्हणाला, आम्ही फक्त हॉल भाड्यानं देतो. मग पोलीस ठाण्यात. तिथल्या हवालदारानं बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि विचारलं, ‘पावती हाय का? तिनं सोताच्या मनानं घेतली ना पूड? मंग आमी कोणावर गुन्हा लावाव?’ त्यानं तहसीलला पाठवलं. तहसीलमध्ये सांगितलं, हे औषधाचं खातं, ते भंडाऱ्याला. बाबा भंडाऱ्याला गेले. त्यांना शिक्षण चौथीपर्यंत. पाट्या वाचत, लोकांना विचारत, एका ऑफिसातून दुसऱ्यात. एक साहेब दौऱ्यावर होता. एकानं सांगितलं अर्ज टाइप करून आणा. एकानं ‘आता बायको तर गेली ना काका’ असं म्हटलं. ते प्रेमानंच म्हटलं होतं असं बाबा सांगायचे. संध्याकाळच्या गाडीनं परत आले, पिशवीतला डबा काढून कपाटावर ठेवला, पाय धुतले आणि म्हणाले, ‘लय फिरलो. तशी जागाच नाही कुठं.’ त्यानंतर या विषयावर ते कधी बोलले नाहीत. पण रात्री जेवताना घास हातात धरून थांबायचे. मला कळायचं की ते मनात अजून कुठल्या तरी दारात उभे आहेत.

आता म्हातारीचं सांगते. अर्धं तिकीट झाल्यापासून बायका बसनं खूप फिरतात. गेल्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की भंडाऱ्याच्या अलीकडे एका हॉलजवळ रोज पंधरा-वीस बायका उतरतात आणि परतीला हातात प्लास्टिकची एकसारखी बादली घेऊन चढतात. मी विचारलं तर म्हणाल्या, गुडघ्याचं शिबिर आहे, साखरेचं आहे, सगळ्याचंच आहे. माझ्या हातातलं तिकिटाचं मशीन तसंच राहिलं. मागून कोणीतरी ओरडलं, ‘बाई, लाखनी द्या लाखनी.’ पुढचे काही दिवस मी चढणाऱ्या प्रत्येकीला सांगत होते, दवाखान्याचं औषध बंद करू नका. काहींनी ऐकलं, काहींनी मान वळवली.

एक म्हातारी लाखनीजवळच्या खेड्यातून यायची. शेतकऱ्याच्या घरातली, नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू. मुलगा-सून पुण्याला, घरी एकटी. एक दिवस ती माझ्या शेजारच्या सीटवर बसली. पाण्याची बाटली एका दमात संपवली, मग दुसरी काढली. मला म्हणाली, ‘सुई सोडली वं बाई. आता मोकळी झाली मी.’ मी तिच्याकडे पाहिलं. ओठ सुकून फुटले होते. बांगड्या कोपरापर्यंत गेल्या होत्या.

‘आजी,’ मी म्हटलं, ‘भंडाऱ्याले उतरून माझ्यासंग दवाखान्यात चला.’

‘काहून? मले काय झालं? तू काय डॉक्टरीण हायेस? तू तिकीट काढ.’

‘सुई सोडून किती दिवस झाले?’

‘तुले काय करायचं?’

मी तिच्या जवळ सरकले. बस भरलेली होती, पण मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हटलं, ‘माझी माय अशीच पाणी पीत होती. तीबी म्हणे, मोकळी झाली.’ म्हातारी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिनं विचारलं, ‘मंग?’ मी नुसती मान हलवली. तिनं बाटलीचं झाकण लावलं आणि पदर तोंडापुढे घेतला. स्टँडवर उतरल्यावर ड्रायव्हरला सांगून मी तिला ऑटोत घातलं. दवाखान्याच्या पायरीवरून मी मागे फिरले असते, पण म्हातारीचा हात माझ्या हातात होता, सोडता येत नव्हता. नर्सनं तिच्या बोटाचं रक्त मशीनवर घेतलं तर आकडाच आला नाही, एवढी साखर चढली होती. ‘आणखी दोन दिवसांनी आणलं असतं तर,’ नर्स म्हणाली आणि सलाईन लावायला धावली. माय, ती वाचली. हे लिहिताना मला आनंद व्हायला पाहिजे, आणि होतोही. पण त्या रात्री घरी येऊन मी न्हाणीघरात नळ सोडून रडले, कारण तिला वाचवायला एका ऑटोपलीकडे काहीच लागलं नव्हतं.

म्हातारीकडे पावती होती. आजकाल हे लोक पावती देतात, छापील, वर नाव-पत्त्यासकट, म्हणजे खरं वाटावं. बस डेपोच्या भिंतीवर ग्राहकांसाठीच्या हेल्पलाइनचं एक पोस्टर कित्येक वर्षांपासून होतं. मी त्याच्यासमोर उभी राहून रोज चहा प्यायचे आणि कधी वाचलं नव्हतं. तो नंबर लावला. एक मुलगी मराठीत बोलली. म्हातारीचं सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली, आणि सांगितलं की कंपनीला आमच्याकडून विचारणा जाईल, पण भरपाई पाहिजे असेल तर जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जा, भंडाऱ्यातच आहे, वकील नसला तरी चालतो. आणि रोग मुळासकट बरा करतो असं सांगून काही विकणं हा गुन्हाच आहे, त्यासाठी औषध खात्यालाही कळवा. दोन मिनिटांत. बाबांना जे उत्तर मिळालं नव्हतं ते एका पोरीनं मला दोन मिनिटांत सांगितलं. मी फोन ठेवला नाही. विचारलं, ‘तक्रार जुनी असेल तर?’

‘किती जुनी, ताई?’

‘वीस वर्षांच्या वरची.’

‘ताई, आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं. त्यानंतर फार कठीण आहे.’ मग हळूच म्हणाली, ‘तुमच्या घरातलं कोणी होतं का?’ मी म्हटलं, नाही, सहज विचारलं.

मी औषध खात्यालाही कळवलं. त्यांची माणसं आठवड्यात हॉलवर आली, डबे सील केले, पांढऱ्या कोटातला माणूस मागच्या दारानं पळाला तो हायवेवर सापडला. तो तोच नव्हता, माय. मी मुद्दाम पाहायला गेले होते. हा तरुण होता, त्या वेळी शाळेत असेल. मला त्याच्या तोंडावर थुंकायचं होतं. पण तो घाबरून पाण्याचा ग्लास मागत होता, आणि मी तशीच परतले.

म्हातारीच्या नावानं आयोगात तक्रार केली, ते काम काही महिने चाललं. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी म्हातारीला घेऊन जायचे. कंपनीनं नागपूरचा वकील पाठवला. तो म्हणाला, आमच्या लोकांनी इन्सुलिन बंद करायला सांगितलंच नव्हतं, बाईंनी स्वतःच्या मर्जीनं केलं. अध्यक्षबाईंनी म्हातारीला विचारलं, ‘आजी, त्यांनी तुम्हाला सुई बंद करा असं सांगितलं होतं का?’

म्हातारी कठड्याला धरून उभी होती. म्हणाली, ‘सांगितलं नाही साहेब. हात जोडून विनवलं. माह्या गुडघ्याले हात लावून त्यानं इचारलं, कुठं दुखते आई. माहा पोरगा पुण्याले हाय, त्यानं कधी इचारलं नाही. मंग मी कोणाचं आयकू?’

वकिलानं कागद उलटे केले. मी मागच्या बाकावर बसले होते आणि मला इतक्या वर्षांनी कळलं की तुला कोणत्या तराजूवर मोजून फसवलं होतं. वांगेवाल्याचं पारडं तू उलटं करून पाहू शकलीस. हे पारडं उलटं करायला तुझ्याकडे काय होतं? त्यानं तुझं दुखणं विचारलं. आम्ही कोणी विचारलं नव्हतं, दवाखान्यानंही नाही, घरानंही नाही. तू अडाणी नव्हतीस, माय. तू थकली होतीस.

निकाल म्हातारीच्या बाजूनं लागला. पैसे परत, भरपाई वेगळी, आणि असा खोटा प्रचार बंद करण्याचा हुकूम. म्हातारीनं अध्यक्षबाईंना नमस्कार केला, माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, ‘तुही माय भाग्याची.’ तिला बाहेर बाकावर बसवून मी निकालाची प्रत घ्यायला खिडकीपाशी गेले. तिथल्या कारकून बाई एव्हाना ओळखीच्या झाल्या होत्या. मी विचारलं, ‘मॅडम, हे ऑफिस कधीपासून आहे?’ त्या म्हणाल्या, ‘हे? मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधीपासून. इथंच. फक्त तेव्हा मंच म्हणायचे, आता आयोग म्हणतात.’ मी बाहेर येऊन फाटकात उभी राहिले. समोरचा रस्ता सरळ बसस्टँडकडे जातो. बाबा त्या दिवशी याच रस्त्यानं चालले असणार, डब्याची पिशवी घेऊन, पाट्या वाचत. दुसरा रस्ताच नाही. दारावरून गेले असतील, कदाचित फाटकाजवळ थांबून कोणाला विचारलंही असेल, आणि त्या माणसानं पुढे बोट दाखवलं असेल. पाटीवर लांबलचक सरकारी नाव असेल, शेवटी मंच लिहिलेलं. मंच म्हणजे तक्रारीची जागा हे चौथी शिकलेल्या माणसाला कोण सांगणार? नाटकाचा असतो मंच. म्हातारी बाकावरून विचारत होती, ‘चल ना बाई, गाडी निघन.’ मी अजून पाटीच वाचत होते.

हे पत्र मी घरी ठेवणार नाही. बाबा माझ्याकडेच राहतात, चष्मा लावून हाताला येईल ते वाचतात, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा. लिहून झालं की फाडीन. तुला पाठवायला पत्ता नाही, आणि बाबांच्या हाती लागू द्यायचं नाही, कारण त्या दिवशी घरी आल्यावर जे झालं ते तुझ्याशिवाय कोणाला सांगण्यासारखं नाही.

ते अंगणात खाटेवर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. मी सुट्टीच्या दिवशी भंडाऱ्याला काय करते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी शेजारी बसले, दोन शेंगा हातात घेतल्या आणि सगळं सांगितलं. म्हातारी, पूड, दवाखाना, निकाल. तुझं नाव मी घेतलं नाही आणि त्यांनीही घेतलं नाही. ते खाली पाहून सोलत राहिले. दाणे टोपल्यात, टरफलं पायाशी. टोपलं अर्धं भरल्यावर त्यांनी हात थांबवला.

‘भंडाऱ्यालेच हाय म्हणतेस हे हापिस?’

‘हो.’

‘कोणत्या रस्त्याले?’

मी सांगितलं. ते आठवून पाहत होते. डोळे बारीक करून, एकेक दुकान, एकेक वळण. त्यांचा हात हवेत तसाच होता, त्यात एक शेंग.

‘तवा होतं का थे?’ त्यांनी विचारलं.

माय, त्यांचं वय झालं आहे. सकाळी उठल्यावर त्यांना उभं राहायला खाटेचा आधार लागतो. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, ‘नव्हतं, बाबा. आत्ता आत्ता झालं.’

त्यांनी मान हलवली. हातातली शेंग सोलली, दाणे टोपल्यात टाकले.

‘तरीच,’ ते म्हणाले. ‘नाहीतर मले सापडलंच असतं.’

मी हो म्हणाले.